दारात बांधलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. अगदी सगळीच जुनी नाही. पोट जुनं, मान जुनी, मधला फेव्हिकॉल तेवढा नवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या बहिणी मला फारशा आठवत नाहीत. आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो, त्यामुळे कुणाला ओळख दाखवायची हेच कळत नसे. पुढे मला राम नावाच्या मुलाने विकत घेतलं. तो संभाजीनगरात इंजिनिअरिंग शिकत होता. त्याचे वडील मुंजाबा यांनी करमाड गावाकडची मेंढरं विकली आणि पोराच्या शिक्षणासाठी शहरात, उस्मानपुऱ्यात एक खोली भाड्याने घेतली. रामची आई तो लहान असतानाच गेली होती. मुंजाबा जवळच्या एका क्लासवर वॉचमन झाले. आधी मेंढरं मोजून आत घ्यायचे, आता पोरं मोजून आत घेऊ लागले. त्यांच्या मते मेंढरं जास्त ऐकतात.

रामला एकच गाणं यायचं, तेही अर्धं. अर्ध्यावर आला की तो पुन्हा सुरुवातीला जायचा. एकदा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लाइट गेली. मोठमोठी वाद्यं गप्प झाली आणि फक्त आम्ही दोघं वाजत राहिलो. अंधारात लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं कौतुक. महावितरणची मी कायमची ऋणी आहे.

मग रामला बंगळुरूला नोकरी लागली. जाताना त्याने मला माळ्यावर ठेवलं, कूलरशेजारी. म्हणाला, "आबा, पुढच्या वेळी आलो की नेतो." पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याच्याजवळ एकच बॅग होती आणि ती आधीच भरलेली होती.

माळ्यावर मला कूलरची सोबत होती. कूलरचा स्वभाव वाईट नव्हता, पण तो वर्षातले आठ महिने काही बोलायचा नाही आणि चार महिने दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचा नाही. खाली मुंजाबा एकटे राहायचे. ते भाकरी थापायचे, खायचे, ताट घासायचे. वर मी गप्प, खाली ते गप्प. माझ्याकडे निदान सबब होती, मला तोंड नव्हतं.

एका एप्रिलमध्ये मुंजाबा नेहमीप्रमाणे कूलर काढायला स्टुलावर चढले. त्यांनी कूलर ओढला, कूलरने मला ओढलं. मी आधी खाली पोचले. पाठोपाठ कूलर आला आणि माझ्यावर बसला. माझी मान बुडाशी मोडली, पोट आत गेलं आणि तारा चहूकडे उभ्या राहिल्या. मी दिसायला साळिंदर झाले होते.

मुंजाबांनी लगेच फोन लावला.

"रामा, तुझी गिटार मोडली रं."

"बरं झालं की आबा. फेकून द्या. तशीही कोण वाजवतंय?"

"फेकून?"

"व्हय. मीटिंग आहे, ठेवतो."

मुंजाबांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी मला उचललं. मला वाटलं, निघाली आता कचऱ्याची गाडी. पण त्यांनी मला घोंगडीवर निजवलं आणि माझ्या मोडक्या मानेवरून बोट फिरवलं.

"मेंढी वाट चुकली," ते मला म्हणाले, "तर तिचं पिल्लू दारात बांधायचं. पिल्लू वरडलं की सांजच्याला मेंढी घरी येतीच. पण पिल्लू वरडाया पायजे."

मित्रांनो, मी लाकडाची आहे, वजनाला हलकी आहे आणि आजवर कुणाचं पिल्लू नव्हते. पण त्या दिवशी मला कळलं, मला बरं व्हायचं आहे. माझ्या आवाजावर एका माणसाचं घरी येणं टांगलेलं होतं.

मुंजाबांनी आयुष्यात गिटार दुरुस्त केली नव्हती, पण मेंढरांचे मोडलेले पाय पुष्कळ जोडले होते. त्यांनी सरळ तीच पद्धत लावली. आधी कोमट करडईचं तेल घेऊन माझी मोडलेली जागा चांगली चोळली. मग तिच्यावर फेव्हिकॉल लावला. मग बांबूच्या कामट्या ठेवून धोतराच्या पट्टीने मान करकचून बांधली. मला कोवळ्या उन्हात ठेवलं आणि क्लासवर जाताना बजावलं, "हलू नगंस." माझ्यापुढं चारा टाकला नाही, एवढंच.

कित्येक दिवसांनी त्यांनी पट्टी सोडली. मान अलगद त्यांच्या हातात आली.

खालच्या मजल्यावर झीशानचं सोफे दुरुस्त करायचं दुकान आहे. मुंजाबा एका हातात माझी मान आणि दुसऱ्या हातात माझं धड घेऊन त्याच्याकडे गेले. झीशानने मोडलेल्या जागेचा वास घेतला.

"चाचा, इसको भजी में तला क्या?"

"तेल चोळलं. हाड धरावं म्हनून."

"ओ चाचा! तेलावर गोंद कुठं धरतो? ये लकडी है, आपकी मेंढी नहीं."

"मोडलं की तेल लावत्यात, झीशान. समदी दुनिया लावती."

"दुनिया लावती माणसाला. माझ्या सोफ्याला लावून बघा, गिऱ्हाईक घसरून पडंल."

मुंजाबांचा चेहरा पडला. झीशान हसायचा थांबला. "पोराची आहे ना? थांबा," म्हणाला आणि त्याने थिनर, पॉलिश पेपर आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काढून दिल्या.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. मुंजाबांनी तेल प्यालेलं लाकूड घासून घासून कोरडं केलं. माझ्या भोकातून पळी आत घालून आत गेलेलं पोट हळूहळू वर उचललं. तडा गेला होता तिथे आतून आधार द्यायला लाकूड हवं होतं. त्यांनी रामची शाळेतली लाकडी फूटपट्टी कापून लावली. माझ्या पोटात आज तीन इंचांपासून नऊ इंचांपर्यंत आधार आहे. वरून पाटा ठेवला आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी मान आवळली. या वेळी तेल लावलं नाही. त्यांचा हात मात्र सवयीने दोनदा बाटलीकडे गेला, मी पाहिलं.

मान धरली. थोडी वाकडी धरली, पण धरली. दुकानातून नव्या तारा चढवून, सुरात लावून आणल्या. मुंजाबांनी ट्रंकेतून एका जुन्या कोकराच्या गळ्यातलं घुंगरू काढून माझ्या मानेला बांधलं आणि दाराजवळच्या खुंटीला मला दाव्याने बांधून ठेवलं. बघायला आलेला झीशान म्हणाला, "चाचा, आता फक्त दूध द्यायची बाकी आहे."

दिवाळी आली. मुंजाबांनी दार उघडं ठेवलं. येता-जाता ते माझ्या तारांवरून बोट फिरवायचे. मी वाजायचे, घुंगरू वाजायचं. राम आला नाही. त्याला सुट्टी मिळाली नाही. आणलेले लाडू झीशानच्या दुकानात गेले.

पिल्लू ओरडलं होतं, मित्रांनो. पण बंगळुरू फार लांब आहे. तिथवर मेंढ्यांनाही ऐकू जात नाही.

भाऊबीजेच्या दुपारी रामने व्हिडिओ कॉल केला. मुंजाबांनी मोबाईल माझ्यासमोर धरला.

"हे काय आबा? तुम्ही जोडली?"

"जोडली."

"घुंगरू कशाला?"

"आसंच. हरवू नये म्हनून."

राम हसला. मग म्हणाला, "वाजवा बरं."

मुंजाबांना वाजवता येत नव्हतं. त्यांनी एक तार छेडली आणि तिचा आवाज पुरता विझेपर्यंत थांबले. मग दुसरी छेडली. मग तिसरी. पलीकडे राम अगदी गप्प होता. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"आबा," तो म्हणाला, "खालून दुसरी तार उतरली आहे."

"आवळू का?"

"नका नका! मान परत निघेल. तिला हात लावू नका. मी आल्यावर करतो."

फोन बंद झाला. मुंजाबा खाली बसले. 'मी आल्यावर' हे शब्द त्या खोलीत फार दिवसांनी आले होते. त्या शब्दांना कुठे बसवावं हे मुंजाबांना सुचेना.

परवा झीशान आला होता. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "चाचा, ये एक ढीली है. मी कसून देतो."

मुंजाबांनी त्याचा हात धरला.

"नगं. ती रामाची हाय."

मित्रांनो, मी अजून दारातच बांधलेली आहे. माझ्या पाच तारा सुरात आहेत आणि एक वाट बघते आहे. मोडलेल्या वस्तू फेकू नका, हे तर मी सांगेनच, माझा त्यात स्वार्थ आहे. पण तुमचीही एखादी तार कुणी तुमच्यासाठी सैल ठेवली असेल, तर लवकर जाऊन ती आवळून या. तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही.

आणि जाताना तेल नेऊ नका.