राजनंदिनीचा दुसरा दिवा

किनाऱ्यावरच्या मुरबे गावचे पुंडलिककाका आपली जुनी फोर-व्हील जीप घेऊन सरावलीच्या आमच्या गॅरेजमध्ये आले, तेव्हा जीपच्या आधी तिचा वास आत आला. सुक्या बोंबलांचा, खाऱ्या वाऱ्याचा आणि हळूहळू गंजत चाललेल्या पत्र्याचा. ओल्या वाळूतून होड्या ओढायला आणि मासळीच्या टोपल्या वाहायला ते ही जीप वापरत. मागच्या सीटवरच्या गोणपाटातून त्यांनी चार नवे दिवे काढून माझ्यासमोर ओळीने मांडले. तीन पांढरे, एक पिवळा.

"टपावर बसवायचे. समोरून बघणाऱ्याच्या डावीकडून पांढरा, परत पांढरा, मग पिवळा, मग पांढरा. आन् त्यातला दुसरा लागला नाय पायजे."

"लागायला नको, तर बसवायचा कशाला, काका?"

"त्याची जागा दिसली पायजे."

आमचे मालक बबलूशेठ चहाचा पेला ठेवून हसले. "लोक बंद दिवा चालू करायला येतात. काका नवाकोरा बंद करायला आलेत. भाग्येश, तेरे लायक काम है. न बोलणारा दिवा."

मी पिवळा दिवा उचलून त्याच्या वायरी पाहू लागलो, आणि त्यामुळे शेठ आणखी हसले. बोलण्यापेक्षा मला वायरी बऱ्या वाटतात. वायर जिथून निघते तिथे वळसा घेऊन परत येते. उच्चारलेला शब्द कुठे जाऊन पडतो, हे मला कधीच कळलेले नाही. वडील खानदेशातून इथल्या कारखान्यात आले, मी इथेच वाढलो, तरी समुद्र माझ्यासाठी नेहमी कुणा दुसऱ्याच्या घरासारखा राहिला. दारावरून जावे, आत डोकावू नये.

मी कामाला लागलो. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, आणि तिथून काचेच्या कडेच्या रबराखालून एक जाड लाल वायर टपावरच्या कॅरियरपर्यंत. प्रत्येक दिव्याची काळी वायर अर्थिंगची. तिच्यासाठी रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो, नाहीतर वीज येते पण तिला परतायला वाट मिळत नाही, आणि दिवा लागत नाही. मी तीनच जागा खरवडल्या. दुसऱ्या दिव्याच्या लाल आणि काळ्या, दोन्ही वायरींची टोके टेपने गुंडाळून कॅरियरच्या पट्टीखाली बांधून टाकली.

पुंडलिककाका स्टुलावर बसून पाहत होते. मी विचारले नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांनी सांगितले.

"माझा धाकटा भाऊ दर्पण. त्याच्या होडीवर असेच चार दिवे व्हते. राजनंदिनी नाव होडीचं. दुसरा दिवा गेलेला. आमच्याकडं सांजचं होड्या आत येतात ना, तवा नाव कोन वाचतो? दिवे बघायचे आन् वळखायचं. आमची कोनती, तर मधी काळी जागा हाय ती."

"आणि आता?"

"दोन वर्सं झाली. होडीपन नाय, तोपन नाय. जायच्या दिवशी आय त्याला बोललेली, आधी दिवा सारखा कर, मग जा. तो हसला. आल्यावर करतो म्हनला."

त्यांची आई, नर्मदा, अजून रोज तिन्हीसांजेला किनाऱ्यावर जाऊन उभी राहत असे. मोतीबिंदूमुळे माणसे तिला धुरकट दिसत, दिवे मात्र दिसत. पूर्वी ती वाळूवर थांबायची. अलीकडे पाण्यात उतरू लागली होती. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी तिला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून आणले.

"एकदा तिला होडी आलेली दिसू दे," काका म्हणाले. "ओहोटीला जीप वाळूवर लांब नेतो, तोंड गावाकडं करतो, दिवे लावतो. मग सांगतो, दर्पण आला न् लगेच वेरावळला कामाला गेला. रागवंल, रडंल. पन पानी सोडंल. तू चल बरोबर. वायर निसटली तर मला काय जमनार नाय."

ते खोटे मला आवडले नाही, आणि त्याहून बरे असे काही मला सुचलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडता बुडता आम्ही मुरब्याच्या वाळूवर उतरलो. समुद्र इतका मागे गेला होता की तो पुन्हा येईल यावर विश्वास बसू नये. ओल्या वाळूवर आभाळाचा करडा रंग पसरला होता आणि आम्ही त्या आभाळावरूनच गाडी चालवीत होतो. उत्तरेला, तारापूरच्या बाजूला, वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे एकेक करून लागत होते. काकांनी जीप वळवून गावाकडे तोंड केले. आता समुद्र आमच्या पाठीशी होता. दूर किनाऱ्यावर एक बारीक, वाकलेली आकृती उभी होती.

"आय," काका म्हणाले, आणि त्यांनी स्विच दाबला.

टपावरून उजेड पुढे सांडला. किनाऱ्यावरच्या आकृतीने हात उंचावला. मग ती चालू लागली.

ती थांबेल असे आम्हाला वाटले होते. आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये वाळूचा एक सखल पट्टा आहे. भरतीचे पाणी वळसा घालून आधी तिथे शिरते. ते शिरू लागले होते, आणि ती सरळ त्यात उतरली.

"घात झाला," काका पुटपुटले. त्यांनी दिवे बंद केले. "आता थांबंल."

ती थांबली नाही. पाणी तिच्या गुडघ्यांच्या वर आले तरी तिचा हात तसाच उंचावलेला होता. आणि मग माझ्या लक्षात आले की ती आमच्याकडे पाहतच नव्हती. ती आमच्या डोक्यावरून पलीकडे पाहत होती.

मी मागे वळलो. समुद्रावर, पाणी आणि धुके जिथे वेगळे करता येत नव्हते तिथे, दिवे होते. पांढरा. मग काळी जागा. मग पिवळा. मग पांढरा. ते डोलत होते, पाण्यावरच्या वस्तू डोलतात तसे. आमचे दिवे विझलेले होते. लागलेले असतानाही त्यांची तोंडे गावाकडे होती. आमचे प्रतिबिंब तिथे पडायला काहीच कारण नव्हते. समुद्रावरून होडीच्या इंजिनाचा आवाजही येत नव्हता.

काकांनी ते पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. दार उघडून ते आईच्या दिशेने धावत सुटले.

मी पोहायला शिकलेलो नाही. माझ्या हातांना एकच गोष्ट येते, आणि माझ्या कानांत एकच वाक्य होते: आधी दिवा सारखा कर, मग जा. मी स्विच पुन्हा दाबला, टपावर चढलो, कटरने मुख्य वायरीची साल काढली आणि दुसऱ्या दिव्याच्या लाल वायरीचा टेप सोडून ती तिला पिळून बांधली. घाईत कटर वाळूत पडला. दिव्यांच्या मागे बसलेल्या माणसाला फक्त पुढे सांडलेला उजेड दिसतो. आपला कोणता दिवा लागला आहे, हे मला कळत नव्हते.

मी समुद्राकडे पाहिले. तिथली काळी जागा भरली होती.

पांढरा, पांढरा, पिवळा, पांढरा. चारही. क्षणभर ते डोलायचेही थांबल्यासारखे वाटले.

आईपर्यंत काका पोचले नव्हते. पाणी तिच्या छातीला लागले होते, पण ती थबकली होती. वाऱ्याबरोबर तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. रडण्याचा नव्हता. कामावरून उशिरा परतलेल्या मुलाशी बोलावे तसा, थोडा कुरकुरता.

"केलास रे बाबा एकदाचा. जा आता."

मग ती वळली आणि स्वतःच किनाऱ्याकडे चालू लागली. काकांनी तिला मध्येच गाठून दंडाला धरले. मी पुन्हा मागे पाहिले, तेव्हा समुद्रावर नुसतेच धुके होते आणि भरतीचे पाणी जीपच्या मागच्या चाकांना लागत होते. आईला किनाऱ्यावर बसवून काका उथळ बाजूने परत आले आणि सखल पट्ट्याच्या टोकाला वळसा घालून त्यांनी जीप बाहेर काढली.

पुढच्या आठवड्यात खारे पाणी धुऊन काढण्यासाठी काका जीप गॅरेजमध्ये घेऊन आले. आई आता किनाऱ्यावर जात नाही, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळी ओट्यावर बसते, वेळेवर जेवते. मी टपावर चढलो. माझा ओबडधोबड पीळ लाल वायरीला तसाच होता. त्याच्याशेजारी, कॅरियरच्या पट्टीखाली, दुसऱ्या दिव्याची काळी वायर होती. तिच्या टोकावरचा टेप मी गुंडाळला होता तसाच, कोरडा. ती जोडायचे मी विसरलो होतो. तो दिवा त्या संध्याकाळी लागणे शक्यच नव्हते.

मी काकांना तसे सांगितले. त्यांनी रबरी नळी मागच्या चाकाकडे वळवली.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "आयला धरलं तवा मागं वळून बघितलं व्हतं. आपला काळाच व्हता."

"मग आता जोडून देऊ?"

"नको. त्याचा त्यानं केलाय."

जाण्याआधी त्यांनी सीटखालून वर्तमानपत्रात बांधलेले एक पुडके काढले. सुके बोंबील. "आयनं दिलेत. दिवा सारखा केला त्याला दे, म्हनली."

मी हात पुढे केला नाही. "मी केला नाही, काका."

"म्हनून तर मला कळंना, कोनाला देऊ ते."

शेठ आत फोनवर कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. मी पुडके घेतले, टपावर चढलो आणि दुसऱ्या दिव्याच्या खाली, कॅरियरच्या दांडीला ते सुतळीने घट्ट बांधले. काकांनी गाठ नीट बसली आहे का, ते खालून हात उंचावून पाहिले. "ओहोटीला नेतो त्याच्याकडं," म्हणत त्यांनी गाडी सुरू केली. जीप मुरब्याच्या रस्त्याला लागली. ऊन अजून होते, ओहोटी लागायला अवकाश होता.