घाटमाथ्यापर्यंत

"मावशी, काठी नका मारू त्याला! आधी तो काय म्हणतो ते ऐकून तरी घ्या!" ऋषी ओरडला, पण तोवर पुष्पाने बिबट्याच्या टाळक्यात काठी हाणली होती.

लॅपटॉपवरचा तो बिबट्या साधासुधा नव्हता. डोक्याला फेटा, गळ्यात कवड्यांची माळ, आणि पुलाच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कोडी घालायची त्याला भारी हौस. कोडं सुटलं तर वाट मोकळी, नाही सुटलं तर कळपातलं एक मेंढरू त्याचं. "हे वाटसरू, मला सांग..." एवढंच बिचारा बोलला होता. आता तो डोकं धरून बसला होता आणि त्याच्याभोवती चांदण्या फिरत होत्या.

"बिबट्या मेंढरांपाशी आल्यावर त्याच्यासंगं गप्पा हाणत बसायचं व्हय रं?" पुष्पा म्हणाली. "तुमच्यात बसत असतील. आमच्यात न्हाई बसत."

"असू दे ऋषी, मारूनही पुढं जाता येतं," समृद्धी हसू दाबत म्हणाली. "फक्त मावशींची ताकद कमी झाली."

"ताकदीचं काय एवढं? पुढं गेल्यावर भाकरी खाईन की."

अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग कॉलेजच्या वाटेवर पुष्पाची मेस होती. दुपारची पंगत उठली होती, खरकट्या ताटांचा ढीग मोरीत तसाच पडला होता, आणि पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून बाई उभ्यानेच खेळत होत्या. बसून एक काम करणं तिला जन्मात जमलं नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली की ती दारात जाणार, दारातून परसात, परसातून पुन्हा चुलीशी. तिचा नवरा सोमनाथ म्हणायचा, "हिच्या पायाला भिंगरी हाय. लग्नात मी कुंकू लावायला गेलो, तवाबी ही हलत व्हती."

ऋषी आणि समृद्धी शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट म्हणून दोघांनी हा गेम बनवला होता. चेटकिणी, विहिरीतले वेताळ, उडत्या पालख्या, सगळा मालमसाला भरला होता आणि जग मात्र इकडचंच घेतलं होतं, डोंगर, धरण, उसाची शेतं. उद्या सकाळी सरांपुढे तो दाखवायचा होता. त्यासाठी आयुष्यात कधी गेम न खेळलेल्या माणसाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळल्याचं रेकॉर्डिंग हवं होतं. असं माणूस कॉलेजात सापडणं कठीण, मेसमध्ये मात्र आयतं उभं होतं.

खरं तर पुष्पा आधीपासूनच त्या गेममध्ये होती. पोरांनी कौतुकाने तिला धर्मशाळेची मालकीण केलं होतं. पिठल्याच्या पातेल्यामागे उभी, आणि कुणीही जवळ आलं की म्हणायची, "जेवलास का रं?" बास, एवढंच. पुष्पाने ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"आन् ही जाती कुठं?"

"कुठं नाही. ती इथंच असते, मावशी."

"म्हंजी हितंबी मी चुलीपाशीच? मला काय खांबाला बांधलंय का?"

त्या आठवड्यात तिने दोघांना आमटी वाढताना इतके टोमणे मारले, की शेवटी ऋषीने हात टेकले. मालकिणीला त्याने पातेल्यामागून बाहेर काढलं, हातात काठी दिली, मागे मेंढरांचा कळप दिला आणि तिलाच गेमची नायिका केलं. आता तिचं काम एकच होतं. सगळी संकटं पार करून कळप ठरलेल्या वेळेत घाटमाथ्यावर न्यायचा.

घाट म्हटल्यावर पुष्पाला काय आठवलं, ते पोरांना कसं कळणार? लहानपणी दर वर्षी दिवाळी झाली की तिच्या बापाचा कळप ओतूरवरून माळशेज उतरून कोकणात जायचा. मेंढरांबरोबर गडी, आणि बिऱ्हाड लादलेल्या घोड्याबरोबर बाया. आईचा पदर धरून तीही चालायची. घाटमाथ्यावर पोचलं की खालून कोमट वारा यायचा आणि त्याला भाताच्या पेंढ्याचा वास असायचा. मग एका वर्षी तिला गोवर निघाला. बापाने तिला अवसरीला चिमाबाई आत्याकडे ठेवलं. "येताना नेतो," म्हणाला. येताना त्याला वाटलं, पोर इथं बरी रुळली आहे, राहू दे. पुढे लग्नही इथेच झालं. कळप दर वर्षी उतरत राहिला, आधी बापाचा, मग तिच्या दादाचा, राघूचा. ती मात्र पुन्हा कधी घाट उतरली नाही. मेस कोण बघणार?

म्हणून तिला हा गेम जिंकायचा होता. सरांचं तिला काही पडलं नव्हतं. तिला घाट उतरायचा होता.

बिबट्या मागे पडला. वेताळाला तिने शिव्या देऊन दगड मारले. शिव्या गेमला ऐकू आल्या नाहीत, दगड लागले. घाटाची वाट सुरू झाली, आणि तिथेच ती थबकली.

"कोकरू ऱ्हायलं."

"कुठलं?" ऋषीने विचारलं.

"त्ये काय, वढ्याच्या पल्याड. परवाच जलमल्यालं दिसतंय. त्याला पाण्यात उतरता येत न्हाई."

ऋषीने कपाळाला हात लावला. "मावशी, तो बग आहे. चूक झालीय आमच्याकडून. ते तिथंच अडकतं. त्याला सोडा, तुम्ही चला वर. वेळ संपत आली."

"सोडा म्हंजी?"

"म्हणजे ते खरं नाहीये!"

"आरं, ते मलाबी कळतंय," पुष्पा म्हणाली आणि अख्खा कळप घेऊन मागे फिरली.

कोकराजवळ जाऊन तिने एकेक बटण दाबून पाहिलं. नायिका उड्या मारायला लागली, काठी फिरवायला लागली, भाकरी खायला लागली. एका बटणाने तर नमस्कारही केला. कोकरू काही उचललं गेलं नाही. एवढ्यात वेळ संपली, आणि गेम तिला पुन्हा पुलाशी घेऊन आला. फेटेवाला बिबट्या नव्या दमाने म्हणाला, "हे वाटसरू..." आणि पुन्हा टाळक्यात काठी बसली.

तीन-चारदा असंच झालं. दर वेळी ओढ्याशी आल्या की बाई मागे वळायच्या.

"मावशी, तुमच्या पाया पडतो!" ऋषी रडकुंडीला आला. "संध्याकाळी फाईल द्यायचीय. एक कोकरू राहिलं तर काय बिघडतं?"

पुष्पाचा हात थांबला. "ऱ्हायल्याला इचार, काय बिघडतं त्ये," ती म्हणाली. "उचलायचं बटण कर. न्हाई तर मी न्हाई जात वर."

मग समृद्धीने लॅपटॉप ओढून घेतला. पुष्पा तेवढ्या वेळात मोरीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. ताटं घासायला घेतली आणि अर्धीच सोडली. दोनदा विचारलं, "झालं का गं?" तिसऱ्यांदा विचारायच्या आत समृद्धीने तिला हाक मारली.

या वेळी बिबट्याला काठी नुसती दाखवूनच ती पुलावरून पुढे गेली. ओढ्याशी आली, बटण दाबलं, आणि नायिकेने वाकून कोकरू खांद्यावर घेतलं. पुष्पाने मोठ्याने हसून समृद्धीच्या पाठीत धपाटा घातला. मग वळणावळणाने, मागच्यांसाठी थांबत, ती कळप घेऊन घाटमाथ्यावर पोचली. तुताऱ्या वाजल्या, फुलं पडली आणि पडद्यावर अक्षरं आली, "तुम्ही जिंकलात!"

"जिंकलो, जिंकलो! व्हा बाजूला," पुष्पा म्हणाली. "आता खाली उतरायची वाट कुठं?"

"खाली काही नाही, मावशी. गेम इथंच संपतो."

"कोकण?"

"ते नाही केलं आम्ही."

पुष्पाने बाणाचं बटण दाबलं. नायिका कड्याच्या टोकावर जागच्या जागी चालत राहिली. समोर नुसता निळा रंग होता.

"बरं, नसू दे," ती स्वतःशीच म्हणाली. "खरा हाय की." पदराला हात पुसून तिने फोन उचलला आणि बोलत बोलत दारात गेली. "दादा, मी घाट चढले! हासू नकं, खरंच चढले. ह्या साली दिवाळीनंतर कदी निगताय? मी येनार. मेस ऱ्हाईल बंद. आशावहिनीला सांग, घोडं मी धरीन."

पलीकडून राघूचा आवाज आला.

"मेंढरं इकली गं, पुष्पे. आखाडातच."

"इकली?"

"पोरं कंपनीत गेली. माझं गुडघं आसं. तुझी वहिनी एकली कुटवर चालंल? तुला सांगनार व्हतो, पन तू रडली असतीस."

"आन् घोडं?"

"त्येबी दिलं. कुत्रं तेवढं हाय. दिसभर रस्त्याकडं बगत बसतंय."

ती रडली नाही. "गुडघ्याला तेल लाव," म्हणाली आणि फोन ठेवून आत आली. ऋषीने दप्तर खांद्याला लावलं होतं. गेममध्ये संध्याकाळ झाली होती.

"बंद करू, मावशी? रेकॉर्डिंग झालं आमचं."

"थांब जरा. मेंढरं कड्यावर हायेत."

"ती पडत नाहीत..." ऋषी म्हणायला गेला, पण समृद्धीने त्याचा हात दाबला.

पुष्पाने नायिकेला मागे वळवलं. घाटाची दोन वळणं उतरून एक सपाटी होती, तिथपर्यंत कळप सावकाश आणला. सगळी मेंढरं येईपर्यंत थांबली. कोकरू आईपाशी सोडायला गेली, तर खाली ठेवायचं बटण कुणी केलंच नव्हतं. ते खांद्यावरच राहिलं. मग कळप आणि कडा यांच्यामध्ये तिने त्या बाईला उभं केलं, आणि पडद्यावर पुरता अंधार पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.