खडूची सात वर्तुळं

हॅम्बर्गच्या गोदीत आमचा जन्म लोखंडावर हातोडे मारण्यात गेला. लढाई तोंडावर आली आणि सरकारला समुद्रावर टेहळणी करणारं, पाण्यावर उतरणारं विमान हवं झालं. वर तीन इंजिनं, खाली जहाजासारखं बूड. आम्ही त्याला खेटर म्हणायचो. पहिले दोन नमुने लाटांवर धड टिकले नाहीत. हा तिसरा.

बुडात पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे पाझरतंय ते बघायचं, ही आमची जहाजांपासूनची रीत. पाझरणाऱ्या रिव्हेटभोवती मी खडूनं वर्तुळ काढायचो. मागच्या सांध्यावर सात निघाली.

ओलरॉग मिस्तरी, म्हणजे माझे सासरे, वाकून बघत म्हणाले, "एवढंसंच? आठ दिवसांत गंजून आपोआप बुजेल."

"मामा, हे ॲल्युमिनियम आहे. लोखंडासारखं गंजून बुजायचं नाही."

"अरे वा, जावईबापू! चाळीस वर्षं मी काय माशा मारल्या? पूस ते, टामो. साहेब येतोय."

शेडभर हशा पिकला. मी डगल्याच्या बाहीनं सातही पुसली. आग लागो त्या बाहीला! इंजिनांपाशी माझा धाकटा भाऊ ओनो बसणार, हे मला ठाऊक होतं. तरी चारचौघांत सासऱ्यांचा शब्द कसा मोडायचा, म्हणून मूग गिळून गप्प बसलो.

आमच्यात जो बूड पास करतो, तो पहिल्या फेरीला आत बसतो. मामाही बसले.

त्या सकाळी एल्ब नदीवर वारा होता. विमान दोनदा पाण्यावरून नीट धावलं. तिसऱ्यांदा शेपूट जड झालं, नाक वर आलं आणि ते मागच्या मागे बसत गेलं. लाँच पोचेपर्यंत वैमानिक बाहेर पडला होता, ओनोही. मामा नाही.

ओनो घोंगडीत कुडकुडत होता. "सांधा उसवला रे दादा. म्हाताऱ्यानं आपला कोट कोंबला आणि वर पाठ लावून बसला. म्हणाला, तू चढ, मी हललो तर पाणी तुझ्याआधी वर येईल."

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, टामोला सांग, तुझंच खरं. आणि पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून खडू पुसू नकोस, सासऱ्याच्या तर मुळीच नाही."

घरी बायकोला, गेशेला, मी सगळं सांगितलं, बाहीसकट. मग तिनं तो डगला मागितला. बाहीवर खडू अजून होता. तिनं तो धुतला नाही, खुंटीला टांगला.

चौथं बूड आलं तेव्हा मी तोच घालून गेलो. नऊ वर्तुळं काढली. साहेब ओरडला. ओरडू दे.