मीच म्हणे बाद!

मी ऑइल प्रेशरचा मीटर बोलतोय. डॅशबोर्डच्या खाली लटकणारा, वाटीच्या तोंडाएवढा. इंजिनातून एक बारीक तांब्याची नळी माझ्यापर्यंत येते आणि आत तेल किती जोरात फिरतंय ते मी काट्यावर दाखवतो. एवढंच माझं काम. माणसांना ते बघायचंच नसेल तर मी काय डोकं आपटू?

ओहायोतल्या टोलिडोमध्ये वर्लनने मला बसवलं. गाडी एकोणसत्तर सालची, आठ सिलिंडरची, लालभडक. इंजिन त्याने स्वतःच्या हातांनी दोनदा खोलून बांधलेलं. तो आधी गाडी चांगली तापवायचा, मग सिग्नलला उभा राहून माझ्याकडे बघायचा. तेल तापून पातळ झालं की खरं काय ते कळतं.

पुढे वर्लनचे गुडघे गेले आणि गाडी त्याच्या मुलाकडे, कर्टिसकडे आली. "बाकी काहीही बदल," म्हातारा म्हणाला, "पण माझं इंजिन तेवढं जप रे."

कर्टिसने जपला तो रंग! रविवारी सकाळी कॉफी आणि डोनट घेऊन मित्र जमायचे. हा थंड इंजिन चालू करायचा. तेल घट्ट, त्यामुळे माझा काटा टुणकन वर. "बघा लेको, साठ! नव्यासारखं!" की लगेच बंद. शी! असल्या फुशारक्यांची मला किळस येते.

एकदा वर्लन शेजारी बसला होता. तापलेली गाडी सिग्नलला थांबली आणि माझा काटा पाचाच्या खाली घसरला.

"कर्टिस, बेअरिंग गेलीत. इंजिन खोल."

"काहीतरीच काय बाबा! शनिवारी प्रदर्शन आहे. हा मीटरच बाद झालाय." वर माझ्या काचेवर टिचक्या मारल्या. मी बाद?

जुन्या गाड्यांच्या त्या प्रदर्शनात गाडी कारखान्यातून निघाली तश्शीच लागते. वरून लावलेल्या वस्तूचे गुण कापतात. कर्टिसला आयतंच निमित्त मिळालं. त्याने मला उपटलं, इंजिनावरची नळीची जागा बुचाने बंद केली आणि मला समोरच्या कप्प्यात कोंबलं. आता प्रेशर पडलं तर सांगायला कारखान्याचा लाल दिवा उरला. त्याची काच याने टूथब्रशने घासून लखलखीत केली. आतला बल्ब कधीच उडाला होता, तो बघायची बुद्धी नाही झाली.

शनिवारी त्याला चषक मिळाला. बापाला शेजारी बसवून घरी निघाला, आणि हायवेवर इंजिन आतून ठोकायला लागलं. कप्प्यात पडल्या पडल्या मला ऐकू येत होतं.

"थांबव गाडी!" वर्लन ओरडला.

"अहो, दिवा कुठे लागलाय?"

दिव्याकडे बघत बघत त्याने गाडी तशीच दामटली. शेवटी धाडकन आवाज झाला. इंजिनाला भगदाड पडलं आणि सगळं तेल रस्त्यावर आलं.

आणि या गृहस्थाने काय करावं? टो करणारा ट्रक येईपर्यंत बॉनेटवर चषक ठेवून फोटो काढत बसला! थू!

वर्लनने कप्पा उघडला, मला काढून शर्टाच्या खिशात घातलं आणि कसाबसा ट्रकमध्ये चढला.

"गाडी कुणाची, आजोबा?" ड्रायव्हरने विचारलं.

"त्याची. इंजिन होतं तोवर माझी होती."

म्हाताऱ्याचा श्वास मला खिशात जाणवत होता, जड आणि तुटक.

अजून मी त्याच्याकडेच आहे. कुणाला मला गाडीत लावायचं असेल तर खुशाल लावा. पण मी नको ते दाखवलं की तोंड फिरवणार असाल, तर मला हातसुद्धा लावू नका.