सुबाभूळ आणि वीरप्पाची घोडी

शाळेत मी पोरांना एकच गोष्ट घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आलो. प्रश्न शेवटपर्यंत वाचा, मग उत्तर लिहा. न वाचणाऱ्याच्या हातावर छडीही दिली. आता ही हकिकत सांगताना वाटतं, माझ्याही हातावर कुणीतरी छडी द्यावी. पण गुरुजीला छडी देणार कोण?

आमचं गाव बेंबळीपासून दोन कोसांवर. गावात घोडं एकच, वीरप्पाच्या घरचं. पंचक्रोशीतला नवरदेव त्याच्यावर बसून वेशीतून मिरवत जायचा. आमच्या बौद्धवाड्यातला नवरदेव मात्र पायीच. चौसष्ट साली चुलतभावाच्या लग्नाला घोडं मागायला माझे वडील दगडोबा, म्हणजे आमचे आबा, गेले होते. वीरप्पाच्या बापानं सांगितलं, "घोडं लंगडतंय." चौऱ्याहत्तर साली माझ्या लग्नाला आबा पुन्हा गेले. घोडं लंगडत होतं. एकोणऐंशी साली धाकट्या चुलतभावाच्या वेळी म्हातारा नव्हता, वीरप्पा होता. घोडं तरीही लंगडतच होतं.

आमचे आबा भोळे. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते वाटीत हळद आणि तेल घेऊन घोड्याच्या पायाला लेप लावायला गेले. गोठा रिकामा होता. घोडं सकाळीच दुसऱ्याचा नवरदेव घेऊन बेंबळीला गेलं होतं, नाचत. आबा वाटी तशीच घेऊन परत आले आणि माझ्या बायकोपाशी ठेवून ओट्यावर जाऊन बसले. मला ते बायकोनं सांगितलं, तेव्हापासून ती वाटी माझ्या डोक्यातून जात नाही.

शहाऐंशी साली माझा धाकटा भाऊ मच्छिंद्र पाटबंधारे खात्यात चिकटला आणि परंड्याची मुलगी ठरली. लग्न आमच्याच गावातल्या विहारात, वैशाखात. मी त्या वेळी मनाशी पक्कं केलं, की मच्छिंद्र घोड्यावर बसूनच वेशीतून जाईल. लंगडतंय म्हणाले, तर चार लोकांदेखत गावातून चालवून दाखवा म्हणेन.

तशी वेळच आली नाही. त्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता, कडबा बघायला मिळत नव्हता, आणि वीरप्पाच्या नव्या घोडीच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. वीरप्पा स्वतःच शाळेत आला.

"गुरुजी, शाळंमागं लई हिरवं दिसतंय. घोडीला घालू का? जगली तर मच्छिंद्रच्या लग्नाला तीच देतो. शब्द हाय माजा."

ते हिरवं म्हणजे सुबाभूळ. तीन वर्षांपूर्वी गावच्या दूध सोसायटीनं चाऱ्यासाठी बी वाटलं होतं. सोसायटीचे चेअरमन तात्याराव. त्यांनी माहितीपत्रक माझ्या हातात दिलं आणि मी ते चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. बी गरम पाण्यात भिजवा, असं लावा, तसं छाटा. लोकांना पटलं नाही. मी मात्र शाळेमागे दोन रांगा लावल्या, पोरांकडून तांब्या-तांब्यानं पाणी घालून घेतलं. झाडं तरारली. पांढऱ्या गोंड्यांसारखी फुलं आली, मग चपट्या शेंगा, आणि शेंगा फुटून जिकडेतिकडे रोपं. दुष्काळात गावात हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

"तुम्ही कशाला येता?" मी वीरप्पाला म्हणालो. "रोज मीच आणून टाकतो."

दोन महिने रोज संध्याकाळी सायकलला भारा बांधून मी वीरप्पाच्या गोठ्यावर गेलो. पारावरचे लोक विचारायचे, "गुरुजी, नवरदेव नेमका कोन, मच्छिंद्र का घोडी?" मी हसण्यावारी न्यायचो. घोडीच्या बरगड्या बुजल्या, अंगावर तकाकी आली. भारा दिसला की ती खिंकाळायची. मच्छिंद्रला मी कौतुकानं पत्रात कळवलं, की घोडी तयार आहे, तू फक्त कोट शिवून घे.

लग्नाला आठ दिवस असताना वीरप्पा घरी आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"गुरुजी, घोडी न्हाय देता येत."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "का? लंगडती का?"

"न्हाय हो. चला, डोळ्यांनीच बघा."

चार-पाच दिवस घोडीवर तरट टाकलेलं मी बघत होतो, पण माशांसाठी असेल म्हणून विचारलं नव्हतं. वीरप्पानं तरट काढलं. मानेवरची आयाळ गेली होती. शेपटीच्या जागी झिजलेल्या खराट्यासारखा बुडखा. वीरप्पाची बायको द्वारकाबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. ती रडतेय की हसतेय, कळेना.

मला वाटलं, कुणीतरी कापली. आमच्या नवरदेवाला घोडी मिळतेय हे कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं, दुसरं काय? आणि गावात तात्यारावांना विचारल्याशिवाय असलं काही होत नाही, असं मी धरूनच चाललो. वीरप्पा काहीतरी सांगत होता, पण ऐकायला मी थांबलोच नाही. तडक दूध सोसायटीत गेलो. तात्याराव लॅक्टोमीटर बघत बसले होते. मी म्हणालो, "एवढा राग होता तर समोर येऊन बोलायचं होतं. मुक्या जनावराची शेपटी का कापली?"

दूध घालायला आलेले लोक किटल्या खाली ठेवून बघायला लागले. तात्याराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बसा गुरुजी. चहा सांगू का?"

"चहा नको. उत्तर द्या."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि ते जुनं माहितीपत्रक काढून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. "वाचा. तुमीच वाचून दाखवलं व्हतं की चावडीवर."

'इतर जनावरे' असा मथळा होता. खाली लिहिलं होतं: घोडे व गाढवे यांना सुबाभळीचा पाला घालू नये. आयाळ व शेपटीचे केस गळतात. फार दिवस घातल्यास खुरांनाही इजा होते.

ते पान मी वाचलं नव्हतं. त्या दिवशी मथळा बघितला आणि घडी घातली. गावात सगळ्या गायी, म्हशी, शेळ्या. इतर जनावरं कुणाची होती? घोडं एकच होतं, आणि ते आमच्यासाठी कधी नव्हतंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तात्यारावांची मी सगळ्यांदेखत माफी मागितली. "असू द्या, असू द्या," म्हणाले. त्या 'असू द्या'नं माझी जास्तच जळजळ झाली.

घरी आलो आणि जाहीर केलं, की जीप ठरवू, घोडी नको. बावीस वर्षांनी घोडी मिळाली ती अशी, आणि तिची ही दशा मीच केलेली. लोकांना फुकटचा तमाशा कशाला?

आबा ओट्यावर बसले होते. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घोडीच आणायची."

"आबा, लोक हसतील."

"घोडीच." आणि उठून वीरप्पाकडे गेले. काय बोलले कोण जाणे, पण तासाभरानं परत आले ते होकार घेऊनच.

लग्नाच्या दिवशी द्वारकाबाईनं अंबाडीच्या वाकाची शेपटी वळून, काळी रंगवून बुडख्याला बांधली. लांबून बरी दिसत होती. मच्छिंद्र कोट घालून, डोक्याला फेटा बांधून घोडीवर चढला. पुढं बेंबळीचा बँड, निळा झेंडा, मागं आमच्या बायका. वेशीजवळ आलो तसा मी घोडीच्या पुढं झालो. कुणी आडवा आला तर काय बोलायचं, कुणाचा हात धरायचा, सगळं मी ठरवून ठेवलं होतं.

आडवं कुणीच आलं नाही. ऐन चावडीसमोर अंबाडीची शेपटी सुटून धुळीत पडली. आधी पोरं हसली, मग पारावरचे म्हातारे, मग बँडवाल्याला वाजवता येईना. उघडा बुडखा हलवत घोडी चालली होती. माझ्या भावाकडे, त्याच्या कोटाकडे, तो कुठून कुठं चाललाय याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. भांडायला मी बावीस वर्षांचा राग घेऊन आलो होतो, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडणार कसं? रडू आलं मला, रागानं.

मी आबांजवळ गेलो. ते घोडीच्या अगदी शेजारून, कमरेत वाकून चालले होते. ना शेपटीकडे बघत होते, ना लोकांकडे.

"आबा, सगळं गाव हसतंय."

"हसू दे." त्यांनी मान वर केली नाही. "ही बघ, चारी पाय कशी नीट टाकती. जरा सुदिक लंगडत न्हाय."

बँड पुन्हा वाजायला लागला. विहार येईपर्यंत मीही आबांच्या शेजारून, खाली बघत चाललो.