फक्त मला ठाऊक असलेली जागा

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. सध्या माझ्यात कांदे भरलेले आहेत, पण म्हणून मला कांद्याची टोपली म्हणाल तर मला भारी राग येईल. मी अळंबीची टोपली. एक-दोन नव्हे, चाळीस वर्षं मी रापोलासच्या हातात होते, आणि त्या हातात दुसरं काही आलेलं मला कधी खपलं नाही. जळकी म्हणा, मत्सरी म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

माझा जन्म ब्रोनेच्या मांडीवर झाला. ब्रोने ही रापोलासची बायको. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात तिने जंगलातल्या वाळूतून पाइनच्या लांबलचक मुळ्या उपसून आणल्या, उकळल्या, सोलल्या, मधोमध चिरल्या आणि आठ दिवस खपून मला विणलं. वीण इतकी घट्ट, की शेजारणी मला उलटीपालटी करून म्हणाल्या, "ब्रोने, अगं हिच्यात तर दूधसुद्धा राहील!" ब्रोने लाजली. मला रापोलासच्या हातात देऊन म्हणाली, "भरून आण." बिचारी! स्वतःच्या हाताने स्वतःची सवत विणून बसली.

आमच्या लिथुआनियाच्या या दक्षिण टोकाला जमीन म्हणजे नुसती वाळू. शेतात बटाटे आणि कुट्टू, बाकी सगळं जंगल देतं. उन्हाळा सरला की शाळेतली पोरं, पाद्रीबाबा, टपालवाला, सगळे अळंबी वेचायला निघतात. त्यांतही जाड बुंध्याची, तपकिरी टोपीची बारावीकस अळंबी सापडली की माणूस टोपी काढून तिला नमस्कार करतो. ती कुठे सापडली हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. विचारायचंसुद्धा नसतं. तरी शेजारचा लिउदास रोज कुंपणावरून विचारायचाच.

"काय रे रापोलास, आज कुठं?"

"जंगलात."

"कुठल्या?"

"झाडं आहेत ना, त्या."

मग दोघेही हसायचे, आणि एकमेकांवर तिळमात्र विश्वास ठेवायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी रापोलासला ती जागा सापडली. वाळूच्या उंचवट्यामागे जुन्या लढाईतला एक बुजत आलेला खंदक, त्याच्या काठाला सात-आठ बर्चची झाडं आणि खाली पांढरं शेवाळ. तिथे बारावीकस अशा उभ्या होत्या की रापोलास गुडघ्यांवरच बसला. मी काठोकाठ भरले. त्याने माझ्या दांडीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "हे फक्त तुला आणि मला ठाऊक." मित्रांनो, असं कुणी तुम्हाला म्हणालं तर तुम्ही हुरळून जाणार नाही का? मी गेले. त्या दिवसापासून ब्रोने माझ्या लेखी परकी झाली.

त्या जागेने त्याला पुरतं झपाटलं. पहाटे चारला डोळा उघडायचा तो तिच्यासाठी. अळंबी कापली की बुंध्याच्या खुणेवर तो शेवाळ दाबून बसवायचा, आपल्या पावलांचे ठसे फांदीने पुसायचा. हंगाम संपला तरी जाऊन बघायचा, कुणी येऊन तर गेलं नाही ना! भर हिवाळ्यात बर्फात पावलं उमटलीत का ते पाहायला गेला आणि तापाने पडला. एकदा तिथे सिगारेटचं थोटूक सापडलं, तर आठवडाभर त्याला घास गिळेना. ते थोटूक त्याचंच होतं, हे त्याला नंतर आठवलं.

आणि युक्ती तर ऐका. सायकलवर बसून तो सगळ्या गावादेखत नदीकडच्या जंगलाला जायचा. तिथे सायकल झाडाला टेकवायची, आणि मला घेऊन झाडाझाडांतून वळसा घालत तासभर चालत उलट दिशेच्या खंदकाकडे यायचं. जवळजवळ चाळीस वर्षं सगळा गाव त्याला नदीकाठीच शोधत राहिला.

घरी काय व्हायचं ते मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून बघायचे. ब्रोने विचारायची, "आज कुठं होतास रे?" तो म्हणायचा, "नदीकडे." तिला ते खोटं वाटायचं, मला दिसायचं. आणि खरं सांगू? माझ्या मुळ्यामुळ्यांत गारवा पसरायचा. ती त्याच्याबरोबर जेवते ना, त्याचे मोजे विणते ना? विणू दे. जागा मला ठाऊक आहे!

त्यांची मुलगी दाइवा जरा मोठी झाली तेव्हा मात्र माझी झोप उडाली. "बाबा, मला न्या ना तुमच्या जागेवर," असं ती त्याच्या गळ्यात पडून म्हणायची. एकदा तो विरघळलाच. तिला बूट घालायला सांगितले, मला हातात घेतलं, दारापर्यंत आला. मी आतून नुसती धुमसत होते. दाइवा आनंदाने ओरडली, "मी शाळेत सगळ्यांना सांगणार!" रापोलास थबकला. तिला नदीकाठी घेऊन गेला, चार फुटकळ अळंब्या वेचून परत आणलं. पोर खूश झाली. मी त्याहून खूश झाले. आज ते सांगताना मला लाज वाटते.

दाइवाचं लग्न सप्टेंबरातल्या एका शनिवारी ठरलं. आमच्याकडे चर्चमधून नवं जोडपं येतं तेव्हा मुलीचे आईवडील दारात पाव आणि मीठ घेऊन उभे राहतात. आदल्या दिवशी ऊबदार पाऊस पडला होता. रापोलास सकाळी म्हणाला, "गेलो आणि आलो." आम्ही आलो तेव्हा पाहुण्यांची दुपारची जेवणं उरकत आली होती. जोडपं आलं तेव्हा दारात ब्रोने एकटीच उभी राहिली होती, पावाचं ताट एका हातावर आणि मिठाची वाटी दुसऱ्या हातात घेऊन. रापोलासच्या केसांत पाइनच्या सुया, आणि मी अशी भरलेली, की पाहुणे उठून मला बघायला आले. "वा! काय माल आहे!" म्हणाले. दाइवा मात्र माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की जणू मीच तिचा बाप पळवून नेला होता. नेलाच होता म्हणा.

पुढे ती काऊनास शहरात राहायला गेली आणि तिथून बापासाठी दोन वस्तू घेऊन आली. एक पांढरी प्लॅस्टिकची बादली आणि एक मोबाइल. बादली बघून माझा तिळपापड झाला. अहो, प्लॅस्टिकमध्ये अळंबी गुदमरते, घामेजते, हे इथल्या तान्ह्या पोरालाही कळतं! रापोलासने ती कोंबड्यांच्या पाण्याला लावली. मोबाइल बिचारा चांगला होता. दाइवा म्हणाली, "बाबा, तुम्ही आता सदुसष्टचे. हा खिशात ठेवा, म्हणजे तुम्ही कुठं आहात ते आम्हाला कळेल." हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. त्या चुगलखोराला रापोलासने पावाच्या डब्यात ठेवलं, तो तिथेच राहिला.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी आम्ही नेहमीसारखी सायकल नदीकडे टेकवली आणि वळसा घालून खंदकापाशी पोहोचलो. मी अर्धी भरले असेन. खंदकाच्या काठावरची वाळू सुटली आणि रापोलास खाली गेला. काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याला उठता येईना. तो दिवस गेला, रात्रही गेली. त्याने मला पोटाशी धरून ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

गावकरी नदीकाठ पिंजून काढत होते. सायकल तिथे होती ना! दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उंचवट्याच्या पलीकडून लिउदासचा आवाज आला. "ब्रोने, माझं ऐक. सायकल नदीकडे आहे, म्हणजे हा नदीकडे नाहीच. मीसुद्धा सायकल भलतीकडेच लावतो!"

रापोलास वाचला होता, मित्रांनो. दोनशे पावलांवर माणसं होती. त्याने ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याची नजर वर गेली. रात्रीच्या रिमझिमीने खंदकाच्या काठावर वीसेक नव्या बारावीकस टोप्या वर काढून उभ्या होत्या. लिउदास इथे येणार. लिउदास हे बघणार.

रापोलासने मूठ तोंडात कोंबली.

"रापोलास!" ब्रोनेची हाक आली. "अरे, ओ दे रे! बोलू नकोस, नुसता खोकलास तरी मला कळेल!" मग ती लिउदासला म्हणाली, "रात्री गारठला असेल. स्वेटर खुर्चीवरच राहिलाय त्याचा." तिचा आवाज फाटला होता. काल दिवसभर ती अशीच ओरडत फिरली होती.

आणि मी काय करत होते ठाऊक आहे? मी मनात म्हणत होते, शाब्बास! गप्प राहा. तिला ओ देऊ नकोस. ही जागा आपली आहे. माझ्या मांडवातला नवरदेव ती ओढून नेणार, असं मला वाटत होतं. माणूस थंडीने काळानिळा पडला होता, आणि मला सुचत काय होतं, तर सवतीमत्सर!

हाका लांब गेल्या, मग बंद झाल्या. रापोलास माझ्या दांडीवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. नंतर उताणा पडल्या पडल्या त्याने हात पोहोचेल तिथल्या खुणांवर शेवाळ दाबलं, आणि कोपरांवर सरपटत, मला दातांत धरून, लाकडं वाहणाऱ्या गाड्या जातात त्या वाळूच्या रस्त्याकडे निघाला. तेवढ्या वाटेला त्याला सूर्य कलेपर्यंत वेळ लागला. एका ट्रकवाल्याने त्याला उचललं. जागा शाबूत राहिली. खुबा मात्र कायमचा गेला.

महिन्याभराने तो दोन कुबड्यांवर घरी आला. मी पुन्हा माझ्या खिळ्यावर होते. ब्रोने बटाटे सोलत बसली होती. तिचा आवाज अजून नीट उघडला नव्हता, घोगराच होता. मान वर न करता तिने विचारलं, "त्या उंचवट्यापाशी मी तुला हाका मारल्या. तू सापडलास तो रस्ता तिथून जवळच आहे. तुला ऐकू आल्या होत्या?"

मला वाटलं, आता हा म्हणेल, शुद्धच नव्हती. इतकी वर्षं खोटं बोललेल्या माणसाला आणखी एक काय जड? पण तो म्हणाला, "आल्या."

सुरी थांबली.

"लिउदास होता बरोबर," तो गडबडीने म्हणाला. "त्याने जागा बघितली असती ना, ब्रोने! थांब, मी तुला सांगतो. कागद दे, काढूनच देतो. खंदक आहे बघ, बर्चची झाडं..."

ऐकताना माझी वीण उसवते की काय असं मला झालं. इतकी वर्षं जपलेलं आमचं दोघांचं गुपित तो तिच्यापुढे टाकत होता!

"नको," ब्रोने म्हणाली. "मला काय करायचीय तुझी जागा? मी कधी जागा विचारत होते? तू कुठं आहेस ते विचारत होते रे मी, मेल्या."

आणि ती पुन्हा बटाटे सोलायला लागली.

मित्रांनो, माझं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. जिच्यावर मी जन्मभर जळले, तिला माझ्याकडचं काहीच नको होतं. ज्या गोष्टीचा मी तोरा मिरवला, तिला हातसुद्धा लावायची तिची इच्छा नव्हती. माझ्याकडचा दागिना पितळेचा निघाला म्हणा ना.

आता रापोलास ती जागा येईल-जाईल त्याला सांगत सुटतो. लिउदासला तर नकाशा काढून दिला. लिउदास खो खो हसला. "रापोलास सांगतोय ना, म्हणजे तिथं तर कुत्र्याची छत्रीसुद्धा नसणार!" कुणी फिरकत नाही तिकडे. या वर्षी बारावीकस तिथे उभ्या उभ्या सडल्या असतील.

ब्रोने घरातच आहे. गेली नाही कुठे. त्याला किसलेल्या बटाट्याचा भाजलेला बाबका वाढते, आंबट साय जास्तच घालते, कुबड्यांच्या टोकांना रबर तिनेच बसवलं. पण "कुठं होतास?" असं आता विचारत नाही. तो दारातून स्वतःच सांगतो, "अंगणात चाललोय हं." ती ऐकते. मग अंगणातून तो हाक मारतो, "ब्रोने!" जरा थांबून पुन्हा, "अगं ब्रोने!" ती इथेच असते, माझ्यापासून दोन हातांवर. हाक तिला स्पष्ट ऐकू येते, मी तिचा चेहरा बघते ना. सुरी जरा थांबते आणि पुन्हा चालू होते. आणि मी, सगळ्या जगाची जळकी टोपली, कांद्यांखाली दबून मनातल्या मनात तिच्या विनवण्या करते, "दे गं, एकदा तरी ओ दे त्याला!"

मित्रांनो, तुम्हालाही काही ना काही आवडत असेल. जरूर आवडू दे, त्यापायी पहाटे उठा, चिखल तुडवा, वेडे व्हा. पण घरचं माणूस हाक मारेल तेव्हा हातातलं तिथेच टाका आणि आधी ओ द्या. फार वेळ गप्प राहिलात, तर समोरचंही गप्प राहायला शिकतं.