चारूच्या लिंबोणीचं पाणी

तामलवाडीच्या मास्तरांची बायको अनसूयाबाई रोज सकाळी परसातल्या लिंबोणीच्या बुडाशी दोन घागरी पाणी ओती. पाऊस असो, अंगात ताप असो, तीन वर्षांत नेम चुकला नव्हता. गावच्या बाया म्हणत, माणसाचं करणार नाही एवढं ही झाडाचं करते. म्हणू देत बापड्या! त्यांचं काय गेलं होतं?

लिंबोणी तिच्या चारूनं लावलेली. जेवताना पिळलेल्या लिंबातली बी पोरीनं हट्टानं मातीत खोचली आणि कोंब दिसला तेव्हा घरभर नाचली. नवव्या वर्षी तिला जुलाब-उलट्या लागल्या. "पाण्याचा थेंब द्यायचा नाही," वैद्यांनी बजावलं. तेव्हा सगळे तसंच करायचे. दोन दिवस चारू "आई, पाणी, आई, पाणी" करत राहिली. अनसूयाबाईनं काळीज दगडाचं केलं, ओलं फडकं तेवढं ओठांना लावलं. तिसऱ्या दिवशी पोर मागायचीच थांबली. तेव्हापासून या दोन घागरी.

आणि आता लिंबोणीची पानं पिवळी पडून गळायला लागली. बाईनं दोनाच्या चार घागरी केल्या. पाणी वाहून जाऊ नये म्हणून खोडाभोवती मातीचा ओटा थापला. झाड जास्तच खंगलं.

शेवटी मास्तरांनी धुळाप्पाला बोलावलं. आता मेंढरं राखायचा, पण निजामाच्या काळात जहागीरदाराच्या मोसंबीच्या बागेत त्याची उमर गेलेली. त्यानं ओटा हातानं उकरला. आत साल काळी पडून कुजली होती, वर डिंक ओघळला होता.

"पाणी किती घालता, बाई?"

"चार घागरी. कमी पडतंय का?"

"अरारारा! लई झालं की वो! बुडखाच कुजलाय. ही माती काढा, कुजकं खरवडून मोरचूद-चुना लावा. अन् पंधरा दिस पाण्याचा थेंब द्यायचा न्हाय."

अनसूयाबाई म्हणाली, "दुसरं काहीही सांगा, धुळाप्पा. एवढं सांगू नका."

"मग मरंल झाड," तो सरळच म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

मास्तरांनी माती काढून मोरचूद-चुना लावला आणि पाणी बंद झालं. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. दुपारी पानं माना टाकत, तेव्हा बाई परसाचं दार लावून कानांवर हात दाबून बसे. एकदा तर भरली घागर घेऊन ती झाडापर्यंत गेली. मास्तर नुसते शेजारी येऊन उभे राहिले. तिनं घागर परत आणून रांजणात रिकामी केली.

सोळाव्या दिवशी धुळाप्पा आला. फांदीच्या टोकाला बारीक पालवी फुटली होती. "जगलं की वो, बाई!" तो हरखून म्हणाला.

अनसूयाबाईनं पालवीला बोट लावलं आणि तिचा बांध फुटला. "पाणी तोडलं तर हे जगलं, धुळाप्पा. माझ्या चारूचंही तोडलं होतं मी. ती मागत होती हो!"

म्हाताऱ्यानं खुरपं उचललं. खाली बसून तो खोडापासून लांब, फांद्यांच्या टोकाखाली गोल आळं करू लागला. बाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आता देऊ का?" तिनं विचारलं.

"द्या, बाई. आज पोटभर द्या."

तिनं घागर आणली. घाईघाईत अर्धं पाणी लुगड्यावरच सांडलं. उरलेलं आळ्यात मुरेपर्यंत ती तिथंच वाकून म्हणत राहिली, "पी गं बाई, पी."